वेढा, कत्तल आणि सूड : कारंज्यापासून भूपाळगडापर्यंत

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय जरा जड आहे. सतराव्या शतकात किल्ल्याला वेढा पडला की आतल्या माणसांचं काय व्हायचं? त्यांची कत्तल कधी व्हायची, कधी टळायची? आणि झालीच, तर तिचा सूड कोण घ्यायचं आणि कुणावर?

शिवकाळ आपल्याला नवा नाही. बाजीप्रभू, तानाजी, मुरारबाजी, लढून पडलेल्यांची नावं लहान पोरालाही पाठ असतात. पण गड पडल्यावर जे जिवंत हाती लागले, त्यांचं पुढे काय झालं हे सहसा कुणी विचारत नाही. गडावर फक्त लढणारे नसायचे. त्यांच्या बायका, लेकरं, म्हातारीकोतारी माणसं, आसऱ्याला आलेले आसपासचे कुणबी, गुरं-ढोरं, सगळं वर असायचं. आज आपण त्या माणसांच्या बाजूने बघू.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात

डिसेंबर १६७०. मराठी फौज खानदेशात उतरली, बुऱ्हाणपुराला लागून असलेलं बहादूरपुरा लुटलं आणि तिथून वऱ्हाडात शिरून थेट कारंज्यावर आली. कारंजा तेव्हा वऱ्हाडातलं मोठं, पैसेवालं गाव. कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा कारंजेकरांना काही मी सांगायला नको. दंतकथा खरी की खोटी ते सोडा, पण ज्या गावाबद्दल अशी कथा तयार होते, त्या गावात पैसा किती होता हे त्यातून कळतं.

सर जदुनाथ सरकारांनी या स्वारीचा तपशील दिला आहे. उंची कापड, सोनं, चांदी असा माल ४००० बैल आणि गाढवांवर लादून नेला. किंमत सांगितली जाते एक कोटी रुपये. गावातले श्रीमंत लोक खंडणीसाठी धरून नेले. सगळ्यात मोठा जो सावकार होता, तो मात्र बाईचं लुगडं नेसून निसटला.

हा शेवटचा तपशील आपण हसून सोडून देतो. जरा थांबून बघू. लुगडं नेसल्यावर तो का सुटला? कारण बाईला हात लावायचा नाही, हे लुटणाऱ्या शिपायाला माहीत होतं. आणि त्याला ते माहीत आहे, हे त्या सावकारालाही माहीत होतं. म्हणजे लुटीलाही काही नियम होते, आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

दुसरं असं, की कारंज्याच्या या वृत्तांतात लूट आहे, माणसं धरून नेणं आहे, पण कत्तल नाही. मी काही लुटीचं कौतुक करत नाही. ज्यांचं घर धुऊन निघालं आणि ज्यांचा बाप किंवा नवरा खंडणीसाठी नेला, त्यांच्यासाठी तो काळा दिवसच होता. पण लूट आणि कत्तल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो.

आणि याच स्वारीशी जोडून ग्रँट डफ आणखी एक गोष्ट सांगतो. प्रतापराव गुजरांनी खानदेशातल्या गावांच्या पुढाऱ्यांकडून लिहून घेतलं, की दरसाल सरकारी वसुलाचा चौथा हिस्सा, म्हणजे चौथ, आम्ही देऊ. त्या बदल्यात गावाला पावती मिळायची आणि पावती असलेलं गाव लुटलं जायचं नाही. ही जबरदस्तीच होती, तिला गोड नाव द्यायचं कारण नाही. पण एकदा कागद झाला की पुढच्या वर्षी काय होणार हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती लागणार आहे.

वेढ्याचं गणित

आता वेढा म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ. किल्ल्याच्या वाटा अडवायच्या, रसद तोडायची, मोर्चे लावायचे, तोफांसाठी दमदमे उभारायचे, तटाखाली सुरुंग नेऊन बुरूज उडवायचा. वेढा घालणाऱ्याला घाई असते. रोज हजारो माणसांना आणि जनावरांना खायला घालावं लागतं. शिवाय आपल्याकडे डोक्यावर पाऊस. सह्याद्रीत जूनमध्ये पाऊस लागला की सुरुंगात पाणी, दारू ओली, ओढ्यांना पूर. पुरंदरचा वेढा मार्च ते जून, फोंड्याचा एप्रिल-मे, भूपाळगड पडला एप्रिलमध्ये. हा काही योगायोग नाही.

आतल्याचं गणित उलटं. त्याला फक्त टिकून राहायचं असतं. मदतीची फौज येईल, नाहीतर पाऊस येईल, एवढ्या आशेवर.

अशा वेढ्यात गड पडतो तो बहुधा दोन प्रकारे. एक, कौल. फारसीत त्याला अमान म्हणायचे. किल्लेदार बोलणं लावतो, जिवाची हमी घेतो आणि गड खाली करतो. आपल्या बखरींमध्ये धर्मवाट असा शब्द येतो. हरलेल्याला सुखरूप बाहेर पडायला दिलेली वाट ती धर्मवाट. दुसरा शेवट म्हणजे हल्ला. शिड्या लावून किंवा पडलेल्या तटातून आत घुसायचं.

या दुसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त माणसं हल्ला करणाऱ्याची मरतात. वरून दगड, उकळतं तेल, गोळ्या. जो शिपाई यातून जिवंत वर पोचतो त्याने आपले शेजारी डोळ्यांसमोर मरताना पाहिलेले असतात. त्या क्षणी त्याच्या हातात तलवार असते आणि समोर शस्त्र टाकलेला माणूस. त्याचा हात थांबवायचा कुणी? सेनापतीने. सेनापतीने थांबवायचं ठरवलं तर बहुतेक वेळा थांबतो. म्हणून कत्तल झाली असं वाचलं, की मी पहिला प्रश्न हा विचारतो : थांबवणारा कुठे होता, आणि त्याने का थांबवली नाही?

अभय देण्यामागचा हिशेब

चाकणचं उदाहरण घ्या. १६६०. शाइस्ताखान चाकणच्या भुईकोटापुढे ५६ दिवस बसला. सुरुंगाने बुरूज उडाला, २६८ माणसं मेली, ६०० जखमी झाली. एवढं रक्त सांडल्यावर फिरंगोजी नरसाळ्यांनी ऑगस्टमध्ये कोट खाली केला. खानाने त्यांना मारलं नाही. उलट बादशाही चाकरी देऊ केली. फिरंगोजींनी ती नाकारली आणि ते आपल्या धन्याकडे परत गेले.

१६६५. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर आले. पुरंदराला लागून वज्रगड आहे. एप्रिलच्या मध्याला मोगलांनी वज्रगडाचा बुरूज पाडला आणि आतल्या मावळ्यांनी शस्त्रं ठेवली. मोगलांची ८० माणसं मेली होती, १०९ जखमी. दिलेरखानाने कैदी जयसिंगाकडे पाठवले. जयसिंगाने काय केलं? हत्यारं काढून घेतली, म्होरक्यांना मानाची वस्त्रं दिली आणि सगळ्यांना घरी जाऊ दिलं.

ही दया होती का? थोडी असेलही. पण हिशेब उघड आहे. वज्रगडावरून पुरंदर दिसतो आणि पुरंदरावरून वज्रगड. शेजारच्या गडावरची माणसं जिवंत घरी चालली आहेत, हे पुरंदरच्या शिबंदीला दाखवायचं होतं. तुम्हीही असंच खाली या. त्याच सुमारास जयसिंगाच्या दुसऱ्या तुकड्या राजगड, सिंहगड, रोहिड्याच्या मुलखात गावं जाळत होत्या, गुरं आणि माणसं धरून आणत होत्या. म्हणजे एका हाताने अभय आणि दुसऱ्या हाताने जाळपोळ. दोन्ही एकाच सेनापतीची कामं, आणि दोन्हींचा हेतू एकच.

पुरंदर तरीही लढला. मुरारबाजी पडले, शिबंदी हटली नाही. पण वर मराठा सरदारांची कुटुंबं होती. गड हल्ल्याने पडला असता तर त्या बायकामुलांचं काय झालं असतं, हे महाराजांना दिसत होतं. जूनमध्ये ते जयसिंगाच्या छावणीत आले तेव्हा जयसिंगाने मुद्दाम हल्ला चालू ठेवला होता, लढाई तंबूतून दिसत होती. माझी माणसं उगाच मारली जाऊ नयेत, मी गड देतो, असं महाराजांनी सांगितलं आणि हल्ला थांबला. गडावरून ७००० माणसं खाली उतरली. त्यांतली ४००० लढणारी. बाकीची ३००० कोण, ते तुम्ही समजू शकता.

पुरंदरचा तह म्हटलं की आपण २३ किल्ले गेले असं शिकवतो. त्याच्या शेजारी हा ७००० चा आकडाही लिहायला हवा. किल्ले पुढे परत घेता आले. ही माणसं गेली असती तर परत आली नसती.

फोंडा : कत्तलीचा उपयोग

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याच बाजूची आहे. इतिहास वाचायचा तर दोन्हीकडची पानं उलटावी लागतात.

१६७५, गोव्यातला फोंडा. किल्ला आदिलशाहीचा, किल्लेदार महंमदखान. महाराजांनी एप्रिलमध्ये वेढा घातला. चार सुरुंग खणले, चारही किल्लेदाराने शोधून निकामी केले आणि त्यात मराठ्यांची बरीच माणसं गेली. मग किल्ल्यापासून अवघ्या १२ फुटांवर मातीची भिंत उभारली आणि तिच्या आडोशाने शिपाई बसले. पोर्तुगिजांनी आत गुपचूप रसद पाठवायचा प्रयत्न केला, तोही पकडला गेला. शेवटी ५०० शिड्या तयार झाल्या. आणि ५०० सोन्याची कडी, एकेक अर्धा शेर वजनाचं, जे वर चढतील त्यांच्यासाठी.

मे महिन्यात फोंडा पडला. सरकारांच्या वृत्तांतानुसार आत सापडलेल्यांची कत्तल झाली. महंमदखान आणि त्याच्याबरोबरचे चार-पाच जण वाचले. का वाचले? आजूबाजूचा आदिलशाही मुलूख मिळवून द्यायचं त्याने कबूल केलं म्हणून. त्याने शेजारच्या किल्लेदारांना पत्रं लिहिली. अंकोला, शिवेश्वर, कारवार, कद्रा असा मुलूख थोड्याच दिवसांत हाती आला.

वज्रगड आणि फोंडा शेजारी ठेवून बघा. वज्रगडावर अभय दिलं ते पुढचा किल्ला स्वस्तात मिळावा म्हणून. फोंड्याला कुणी सोडलं नाही, आणि पुढचे किल्ले स्वस्तात मिळाले. हेतू एकच, साधनं उलटी. सतराव्या शतकातली कत्तल बहुतेक वेळा नुसत्या रागाची नसायची. ती पुढच्या किल्लेदाराला लिहिलेली चिठ्ठी असायची.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १६४९ मध्ये क्रॉमवेलने आयर्लंडमधलं द्रोहेडा हल्ला करून घेतलं आणि शिबंदी कापून काढली. त्याने स्वतः त्याची दोन कारणं दिली. एक, १६४१ मध्ये आयरिश बंडात झालेल्या हत्यांबद्दल ही शिक्षा आहे. दोन, यामुळे पुढचा रक्तपात टळेल. सूड आणि हिशेब एकाच पत्रात. गंमत अशी, की द्रोहेडा हे गाव १६४१-४२ मध्ये त्याच बंडखोरांच्या वेढ्याला तोंड देऊन टिकलं होतं. म्हणजे ज्यांच्यावर सूड घेतला त्यांनी तो गुन्हा केलाच नव्हता.

सूड कुणावर?

इथून आपण सुडाकडे वळू. पुन्हा कारंज्याच्या स्वारीपासून धागा पकडतो.

कारंज्याहून माघारी जाणारी फौज आणि मोरोपंत पिंगळ्यांची फौज बागलाणात एकत्र आल्या आणि जानेवारी १६७१ मध्ये साल्हेर घेतला. मोगल किल्लेदार फत्तेउल्लाखान लढता लढता मेला, मग त्याच्या मेहुण्याने गड खाली केला. वर्षअखेर बहादूरखान आणि दिलेरखान आले. त्यांनी साल्हेरला वेढा घालून इखलासखान आणि राव अमरसिंग चंद्रावत यांना तिथे ठेवलं. डिसेंबर १६७१ मध्ये दिलेरखान वेगळी तुकडी घेऊन पुण्यावर आला. पुणं तेव्हा उघडं गाव. सरकारांनी नोंदवलं आहे, की नऊ वर्षांवरची माणसं त्याने कापून काढली.

नऊ वर्षं. कुणीतरी हा आकडा ठरवला असणार. कुणीतरी पोरांकडे बघून ठरवलं असणार, हा आठचा, हा दहाचा.

दोन महिन्यांच्या आत, १६७२ च्या सुरुवातीला, साल्हेरची मोठी लढाई झाली. प्रतापराव आणि मोरोपंत दोन बाजूंनी आले आणि वेढा मोडला. सूर्यराव काकडे पडले. मोगलांकडचा अमरसिंग मेला, कित्येक हजार शिपाई मेले, इखलासखान आणि अमरसिंगाचा मुलगा मुहकमसिंग जखमी होऊन सापडले, आणि त्यांच्याबरोबर तीसेक सरदार.

आता गोष्ट सांगणारा म्हणेल, पुण्याचा सूड साल्हेरला घेतला. ऐकायला बरं वाटतं. पण नीट बघा. साल्हेरला मेलेले शिपाई पुण्याला गेलेच नव्हते, ते साल्हेरच्या पायथ्याशी मोर्च्यात बसले होते. पुण्याला गेला होता दिलेरखान. आणि मराठी फौज साल्हेरला गेली ती गड सोडवायला. पुण्याची आठवण शिपायांच्या मनात असेल, का नसेल? पण लढाई झाली ती गडासाठी.

आणि खरी कसोटी पुढे आहे. जखमी सरदार हातात आले होते. सूडच घ्यायचा तर याहून सोपी वेळ नाही. ग्रँट डफ सांगतो, की मोठे कैदी रायगडावर नेले, त्यांना चांगलं वागवलं आणि जखमा बऱ्या झाल्यावर सन्मानाने परत पाठवलं. पुण्याच्या कत्तलीनंतर तीनेक महिनेही झाले नसतील.

महाराजांच्या हातून अशा वेळी कधीच कठोर शिक्षा झाली नाही, असंही मी म्हणणार नाही. १६६४ मध्ये सुरतेला इनायतखान किल्ल्यात लपून बसला होता आणि गाव उघडं पडलं होतं. त्याने बोलणी करायला म्हणून पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजीर चालवला. पहारेकऱ्याने त्याचा हात तोडला, तरी तो झोकात महाराजांच्या अंगावर आला, दोघे खाली पडले. राजे मारले गेले अशी हाक उठली आणि कैद्यांना कापा असा गलका झाला. महाराज उठून उभे राहिले आणि सरसकट कत्तल थांबवली. पण त्याच दिवशी कैद्यांपैकी चौघांची डोकी उडवली गेली आणि चोविसांचे हात तोडले गेले. खंजीर पाठवणारा इनायतखान किल्ल्यात सुरक्षित होता. हात गेले ते बाहेर सापडलेल्यांचे.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या. मोठी कत्तल थांबवणंही खरं आणि ते चोवीस हातही खरे. यातलं एकच सांगणारा अर्धाच इतिहास सांगतो.

भूपाळगडाचे सातशे

आता आजच्या विषयातला सगळ्यात अवघड भाग.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूर गावाजवळ भूपाळगड आहे, बाणूरगडही म्हणतात. महाराजांनी तो धान्य आणि मालमत्ता साठवायला, आणि मोगलांच्या धामधुमीत आसपासच्या रयतेच्या कुटुंबांना आसरा म्हणून बांधला होता. म्हणजे तो मुळात लेकुरवाळा गड. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले होते. १६७९ च्या एप्रिलमध्ये दिलेरखान त्यांना घेऊन भूपाळगडावर आला. शेजारच्या उंचवट्यावर तोफा चढवल्या, बुरूज पाडला, सकाळी नवाला हल्ला सुरू झाला आणि दुपारपर्यंत गड पडला. दोन्हीकडची खूप माणसं मेली. धान्याचे साठे सापडले, बरीच माणसं सापडली.

शिबंदीतले ७०० जण जिवंत राहिले होते. दिलेरखानाने प्रत्येकाचा एक हात तोडला आणि त्यांना सोडून दिलं. उरलेली माणसं गुलाम म्हणून विकली गेली असावीत, असं सरकार म्हणतात.

सोडून दिलं, हा शब्द बघा. का सोडलं? मेलेला माणूस एकदा बातमी होतो आणि मग विसरला जातो. एक हात गेलेला माणूस गावात परत जातो. तो तलवार धरू शकत नाही, हे उघड. पण त्याला नांगरही नीट धरता येत नाही, मोट हाकता येत नाही, भाकरी मोडायलाही एकच हात. तो पुढची तीस वर्षं बाजारात, देवळात, लग्नात सगळ्यांना दिसत राहतो. आणि पुढच्या गडाच्या शिबंदीला प्रत्येक वेळी आठवण करून देतो. दिलेरखानाने ७०० चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्या माणसांच्या अंगावर लिहिल्या.

हाच दिलेरखान चौदा वर्षांपूर्वी वज्रगडावर होता. तिथेही शस्त्र टाकलेली माणसं त्याच्या हाती आली होती आणि ती जिवंत, धडधाकट घरी गेली. फरक एवढाच, की तेव्हा वर जयसिंग होता आणि त्याला अभयाचा उपयोग वाटत होता. १६७९ मध्ये थांबवणारा कुणी नव्हता.

भूपाळगडाचा सूड कुणी घेतला? त्या ७०० जणांचा हिशेब दिलेरखानाकडून कुणी चुकता करून घेतला नाही. त्याच सालच्या नोव्हेंबरात दिलेरखान विजापूरच्या मुलखात तिकोट्यावर गेला. फौज येतेय कळल्यावर हिंदू आणि मुसलमान, दोन्ही घरच्या बायकांनी लेकरांसकट विहिरींत उड्या टाकल्या. सुमारे ३००० माणसं विकायला धरली. पुढे अथणीला तेच. संभाजीराजांनी विरोध केला, खानाने ऐकलं नाही, आणि २० नोव्हेंबरच्या सुमारास संभाजीराजे छावणीतून निघून विजापूरमार्गे पन्हाळ्याला परतले. त्यांच्या परतण्याला आणखीही कारणं असतील. पण त्या विहिरी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

यातून काय घ्यायचं?

तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. कत्तल अटळ नसते. तोच काळ, तीच हत्यारं, कधी कधी तोच सेनापती, आणि एका गडावर माणसं घरी जातात, दुसऱ्यावर जात नाहीत. तेव्हाचा काळच तसा होता, हे उत्तर पुरेसं नाही. त्याच काळात चाकण आहे आणि वज्रगडही आहे.

दुसरी. सूड नेम धरून लागत नाही. १६३१ मध्ये जर्मनीतलं माग्देबुर्ग शहर पडलं आणि सुमारे २०,००० माणसं मेली. त्यानंतर कित्येक लढायांत शरण आलेल्या शिपायाने जीवदान मागितलं, की समोरून उत्तर यायचं, घे तुला माग्देबुर्गचं जीवदान. आणि त्याला मारायचे. तो माणूस माग्देबुर्गला होता का, हे कुणी विचारत नव्हतं. तो समोरच्या बाजूचा आहे, एवढं पुरे व्हायचं.

तिसरी. साखळी तुटते ती एखाद्याने समोरच्याला काहीतरी कबूल केलं आणि ते पाळलं, तेव्हाच. कौल, धर्मवाट, साल्हेरच्या कैद्यांना परत पाठवणं, अगदी चौथीची ती पावतीसुद्धा. यातली एकही गोष्ट पवित्र नाही, प्रत्येकात कुणाचा तरी स्वार्थ आहे. पण प्रत्येकीत दोन शत्रू एकमेकांच्या शब्दावर विसंबतात. मोडलेला एक कौल पुढच्या दहा गडांवर माणसं मारतो, कारण मग कुणी शरणच येत नाही.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : फोंड्याबद्दल तुम्ही जे सांगितलं, ते महाराजांच्या प्रतिमेला बाधा आणत नाही का?*

महाराज मोठे होते म्हणूनच त्यांच्याबद्दल खरं बोलायला भीती वाटायचं कारण नाही. ज्यांच्या राज्यात लुगडं नेसलेला माणूस सुटू शकतो, त्यांची शिस्त काय होती हे कारंजा सांगतो. आणि तरीही वेढ्याचं युद्ध चांगल्या राजालाही कुठे नेऊ शकतं, ते फोंडा सांगतो. दोन्ही एकत्र ठेवली तर माणूस कळतो. एकच ठेवलं तर पुतळा होतो.

*प्रश्न : मुलांना हे शिकवावं का? लहान वयात मनात द्वेष बसतो.*

नुसते आकडे सांगितले तर बसतो. पुण्याचं सांगताना साल्हेरच्या कैद्यांचंही सांगा. तिकोट्याच्या विहिरीत उडी मारणाऱ्या बायका कुठल्या एका धर्माच्या नव्हत्या, हे सांगा. अमरसिंग राजपूत होता, जयसिंग राजपूत होता, हेही सांगा. मूल मग आपोआप विचारतं, हे कुणी ठरवलं? तो प्रश्न त्याच्या मनात बसला, की द्वेषाला जागा कमी उरते.

*प्रश्न : मग कारंजा नशीबवान म्हणायचं का?*

ज्याचं घर लुटलं त्याला नशीबवान कसं म्हणणार? पण एवढं म्हणू शकतो, की खंडणीसाठी नेलेला माणूस पैसे भरून परत येऊ शकत होता, दोन्ही हातांनिशी. भूपाळगडाच्या सातशेंना ती सोय नव्हती. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. निदान आकडा तरी लक्षात ठेवू या.